दीड लिटर की अडीच? खान्देशातल्या पिकअपच्या इंजिनाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत कटाई पाहायला गेलो होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि काळी माती चाकाला लोण्यासारखी चिकटत होती. पिकअपच्या हौद्यात खाली केळीचा पाला अंथरून त्यावर घड रचले होते. एका घडाचं वजन वीस-बावीस किलो धरलं, तर सत्तर घडांत दीड टन होतो. म्हणजे पासिंगइतका माल भरला होता आणि वर आणखी आठ-दहा घड चढवायचे होते. चालकाने मागच्या चाकांखाली पाला टाकायला लावला, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडू लागला. इंजिनाचा आवाज खाली बसत गेला. बंद पडणार असं वाटत असतानाच गाडी वीतभर पुढे सरकली, मग हातभर, आणि त्यानंतर कुठे टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली. तोवर चाकं पाल्यावरून घट्ट जमिनीवर आली होती.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी त्याला विचारलं, आता दीड लिटरच्या गाड्याही कागदावर तेवढीच ताकद देतात, मग ही अडीच लिटरची कशाला? तो म्हणाला, "टर्बो येईपर्यंत चिखल थांबत नाही भो."

टर्बो लावलेलं लहान इंजिन घ्यावं की मोठं इंजिन, हा वाद जगभर चालतो. अमेरिकेत तो आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांवरून चालतो, आपल्याकडे सावदा-फैजपूरच्या केळीवरून, दोंडाईचाच्या मिरचीवरून, जळगावच्या पीव्हीसी पाइपांवरून आणि धुळ्याच्या भाजीबाजारावरून. इथे पिकअप हे घर चालवण्याचं साधन आहे. हप्ता तिच्यावर आहे, मुलांची फी तिच्यावर आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीवर सोडून चालणार नाही. काही वर्षं मी एमएच-18 आणि एमएच-19 च्या गाड्यांमधून फिरलो, गॅरेजांमध्ये बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी मागे जाऊ या. ज्यांनी नव्वदच्या दशकात धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यात प्रवास केला त्यांना काळी-पिवळी आठवत असेल. महिंद्राच्या त्या जीपवजा गाड्यांत प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन असे. त्यातलं फार चाललेलं इंजिन 2112 सीसीचं. टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजकडून आलेलं 2.4 लिटरचं ओएम 616. टाटाचं 407 हे 1986 साली आलं, त्याचं इंजिन 2956 सीसीचं. सुरुवातीच्या या सगळ्या इंजिनांना टर्बो नव्हता. पिस्टन खाली येताना जेवढी हवा आपोआप आत ओढली जाईल तेवढ्यावरच काम. बाहेरून कोणी हवा भरत नाही, म्हणून त्यांना नैसर्गिक श्वासाची इंजिनं म्हणायला हरकत नाही. मिस्त्री लोक त्यांना सरळ 'बिनटर्बोची' म्हणतात.

बिनटर्बोच्या डिझेलचा हिशेब सोपा असतो. एका लिटर आकारामागे साठ ते सत्तर न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे चाक फिरवणारी ओढ. दोन लिटरच्या इंजिनाकडून सव्वाशे-दीडशेच्या वर अपेक्षा ठेवायची नाही. ताकद कमी, पण ती तळापासून मिळते. ॲक्सिलरेटर दाबला की लगेच मिळते. डिझेल शिंपडायचा दाबही कमी. जुन्या पंप-नोझलमध्ये नोझल शे-सव्वाशे-दीडशे बारला उघडत असे. आजच्या कॉमन रेलमध्ये तोच दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. त्यामुळे जुनं इंजिन डिझेलात थोडा कचरा आला तरी सहन करायचं, आणि बिघडलं तर गावातच दुरुस्त व्हायचं. इंजिन उतरवून लाइनर-पिस्टन बदलायचे, क्रँक घासून आणायचा, नोझल आणि पंप 'पंपवाल्या'कडे कॅलिब्रेट करून घ्यायचा. चाळीसगावात किंवा अमळनेरात हे काम करणारे हात होते आणि आजही आहेत.

म्हणून जुने चालक या इंजिनांबद्दल बोलताना हळवे होतात. त्यांचा हळवेपणा मला समजतो, पण त्या इंजिनांनी आपल्या फुप्फुसांत काय भरलं तेही मी विसरू शकत नाही. धुळ्याच्या स्टँडबाहेर संध्याकाळी काळी-पिवळ्यांची रांग सुटायची तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला समोरचं दुकान दिसत नसे. त्याचं कारण त्या इंजिनांच्या श्वासातच होतं. चढावर चालक पाय दाबतो, पंप जास्त डिझेल सोडतो, पण सिलिंडरमध्ये हवा तेवढीच. अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. टर्बोने हे चित्र बदललं, आणि सरकारी नियमांनी बदलणं भाग पाडलं. 2010 साली भारत स्टेज तीन देशभर लागू झाला, 1 एप्रिल 2017 पासून स्टेज चार, 1 एप्रिल 2020 पासून स्टेज सहा, पाच वगळलाच. डिझेलातलं गंधक तीनच्या 350 पीपीएमवरून चारमध्ये 50 आणि सहामध्ये 10 पीपीएमवर आलं. डिझेल प्रवासी गाडीने किलोमीटरमागे किती काजळी सोडावी याची मर्यादा चारमधल्या 25 मिलिग्रॅमवरून सहामध्ये 4.5 मिलिग्रॅमवर आली. मोठ्या बिनटर्बो डिझेलला या मर्यादेत बसणं परवडणारं नव्हतं. तेव्हा आपल्याकडे पिकअपमध्ये बिनटर्बो मोठं डिझेल हवं की नको, हा प्रश्न निकालात निघाला आहे, आणि तो योग्य बाजूने निघाला असं मी म्हणेन.

पण वाद संपला नाही. तो आकारावर येऊन थांबला आहे.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने तिचं पेटंट 1905 साली घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराची ताकद एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. त्या धुराच्या वाटेत एक चक्र ठेवायचं, त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. लहान गाड्यांच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोमात असताना मिनिटाला एक-दीड लाख फेऱ्या घेतो. तो फिरतो तेलाच्या एका पातळ पडद्यावर. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, गॅरेजकडे वळल्यावर त्या कामाला येतील.

आता हवेचा हिशेब. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराएवढी हवा घेतं. मिनिटाला 2000 फेऱ्यांवर अडीच लिटरचं बिनटर्बो इंजिन अडीच हजार लिटर हवा घेईल, दीड लिटरचं दीड हजार. दीड लिटरला टर्बो लावला आणि हवेचा दाब दुप्पट केला, तर तेच इंजिन जवळजवळ तीन हजार लिटरची हवा पचवेल. दाबताना हवा तापते, म्हणून थोडं कमी धरा. ती थंड करायला इंटरकूलर असतोच. म्हणजे टर्बो जागा असताना लहान इंजिन मोठ्याच्या पुढे जातं. यात कंपनीची फसवणूक काही नाही.

मात्र टर्बोला जागं व्हायला धूर लागतो, आणि सुटताना धूर नसतो. हजार फेऱ्यांवर टर्बो जेमतेम फिरत असतो. त्या क्षणी टर्बोचं इंजिनही बिनटर्बोच असतं, आणि तिथे फक्त आकार बोलतो: अडीच लिटरला मिनिटाला साडेबाराशे लिटर हवा, दीड लिटरला साडेसातशे. बागेतल्या चालकाचं एक वाक्य हेच सांगत होतं.

बाजारातल्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसतं. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एचडी आणि टाटाची इंट्रा व्ही50. कंपन्यांच्या पत्रकांत दोघींची ताकद 80 अश्वशक्ती आणि पीळ 220 न्यूटन-मीटर. तंतोतंत सारखे आकडे. पण पहिलीचं इंजिन 2523 सीसीचं, दुसरीचं 1496 सीसीचं. पहिलीचा पूर्ण पीळ चौदाशे फेऱ्यांच्या आसपास मिळू लागतो, दुसरीचा साडेसतराशेच्या आसपास. पहिली आपली ऐंशी अश्वशक्ती 3200 फेऱ्यांवर देते, दुसरी 3750 वर. लिटरमागे अश्वशक्ती काढली तर पहिलीची बत्तीस, दुसरीची त्रेपन्न. टाटाची योद्धा मध्ये बसते: 2.2 लिटर, शंभर अश्वशक्ती, लिटरमागे शेहेचाळीस. अशोक लेलँडचा बडा दोस्त 1478 सीसीतून ऐंशी काढतो, म्हणजे चोपन्न. इसुझूची डी-मॅक्स अडीच लिटरमधून 78, लिटरमागे एकतीस.

एकाच ओढीची दोन माणसं असावीत, एक धिप्पाड आणि निवांत, दुसरा सडपातळ पण दमदार, तसे हे दोन गट आहेत. दुसऱ्या गटात कमीपणा काही नाही. लहान इंजिनाच्या गाड्या पहिला गिअर आखूड ठेवून सुटतानाची उणीव बरीचशी भरून काढतात, आणि चालकाने क्लच सांभाळला तर त्या चिखलातूनही निघतात. पण क्लच सांभाळायचा म्हणजे हाफ क्लचवर खेळायचा, आणि बागेतल्या रोजच्या कामात क्लच प्लेट त्याची किंमत वसूल करते.

मला यात महिंद्राचा एक निर्णय बोलका वाटतो. नाशिकच्या कारखान्यातून निघणारी प्रवासी बोलेरो 2016 साली दीड लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनावर आली. चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीला कर कमी, हे त्यामागचं मोठं कारण. ताकद 63 वरून 70 अश्वशक्ती झाली आणि लोकांनी ती गाडी स्वीकारली. आज आपल्याकडच्या कितीतरी गावांत सरपंचाच्या दारात तीच उभी असते. त्याच बोलेरोच्या नावाची पिकअप मात्र अडीच लिटरच्या चार सिलिंडरवरच राहिली, टर्बोसकट. मालगाडीला तो कर-सवलतीचा धागा लागू नाही, हे एक. दुसरं, ज्याच्या पाठीवर दीड-दोन टन बसणार त्याच्या इंजिनाला थोडी ढील हवी, हे त्यांना माहीत आहे.

आता गॅरेज. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून थोडं पुढे एका मिस्त्रीकडे मी दोन-तीनदा जाऊन बसलो आहे. त्याच्या टेबलावर एक उतरवलेला टर्बो पडला होता, मुठीत मावेल एवढा. त्याने चक्राचं टोक चिमटीत धरून हलवलं. खाली-वर जरा जास्तच हललं. चक्राच्या पात्यांच्या कडा पाहिल्या तर कानशीने घासाव्यात तशा खरखरीत झालेल्या, एका पात्याचं टोक उडालेलं. मिस्त्रीने शेजारी पडलेला रबरी पाइप उचलला. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा तो पाइप चिरला होता आणि कोणीतरी त्याला इन्शुलेशन टेप गुंडाळली होती. टेप सुटली, त्या फटीतून काळ्या मातीची बारीक धूळ आत जात राहिली, आणि लाखाच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांना ती पॉलिश पेपरसारखी लागली. दांड्याला खेळ आला, सील गेलं, तेल हवेच्या वाटेत गळू लागलं. शंभर-दोनशे रुपयांच्या पाइपने काही हजारांचा टर्बो खाल्ला. बिनटर्बोच्या इंजिनातही ही धूळ गेलीच असती आणि लाइनर घासलेच असते, पण ते हळूहळू. मालकाला वर्षभर आधी धुरावरून कळलं असतं.

माझ्या मावसभावाची पिकअप चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात रात्री अशीच अडली. हौद्यात पाइप होते, फार वजनही नव्हतं. चढाला ओढ एकदम गेली, मागे निळा धूर, आणि डिपस्टिकवर तेल दिसेना. त्याने शहाणपणा केला आणि तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन आपलंच तेल जाळून धावू लागतं, आणि मग चावी फिरवूनही ते बंद होत नाही. रात्री दोन वाजता दुसऱ्या गाडीत माल भरून पाठवावा लागला. नंतर कळलं, आधीच्या सर्व्हिसला कोणीतरी स्वस्तातलं चुकीच्या ग्रेडचं तेल भरलं होतं. तेलाच्या पातळ पडद्याची गोष्ट मी वर सांगितली ती याच रात्रीमुळे मला कळली.

म्हणूनच ज्या चालकांचे टर्बो वर्षानुवर्षं टिकतात त्यांच्या सवयी पाहाव्यात. सकाळी गाडी चालू करून लगेच रेस देत नाहीत. घाट चढून धाब्यावर थांबल्यावर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवतात, कारण तापलेल्या टर्बोतलं तेल थांबलं की ते तिथेच जळून कोळसा होतं. एअर फिल्टर उन्हाळ्यात पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न पाहता बदलतात. या तीन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, वेळ आणि लक्ष लागतं.

काजळी गाळणारा डीपीएफ ही नवी डोकेदुखी आहे आणि लहान-मोठ्या दोन्ही इंजिनांना ती सारखीच आहे. साचलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात धावावी लागते. धुळ्याहून सुरतेला जाणाऱ्या गाडीला हे आपोआप मिळतं. बाग ते पॅकिंग शेड, शेड ते बाग अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला कधीच मिळत नाही. मग दिवा लागतो, ताकद कापली जाते आणि मालक म्हणतो, गाडी खराब निघाली. अशा गाडीला आठवड्यातून एकदा फैजपूरहून भुसावळपर्यंत नीट हायवेच्या वेगाने नेऊन आणावं, हा सल्ला मी तीन वेगवेगळ्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकला आहे.

खान्देशचं ऊन या वादात टर्बोच्या बाजूने उभं राहतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. बिनटर्बोचं इंजिन तेवढ्या टक्क्यांनी जागच्या जागी हलकं पडतं. टर्बो दाब वाढवून ही तूट भरून काढतो, इंटरकूलर स्वच्छ असेल तर. सातपुड्यात याहून जास्त फरक पडतो. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी. जुनी बिनटर्बोची जीप तिथे का धापा टाकायची आणि आजची लहान टर्बो गाडी का सहज चढते, याचं उत्तर यात आहे. धुळ्याहून निघाल्याबरोबर लळिंगचा घाट, सुरतेकडे कोंडाईबारी, इंदूरकडे सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन: या तिन्ही चढांवर लहान टर्बो इंजिन तक्रार करत नाही. चालत्या गाडीचा चढ असतो, टर्बो आधीच जागा असतो. शिरपूरच्या एका चालकाने दीड लिटरच्या गाडीबद्दल मला एकच वाक्य सांगितलं: "घाटमां चांगली वढस." सुटण्याचा आणि ओढण्याचा प्रश्न वेगळा, हे त्याने न समजावता समजावलं.

अमेरिकेतला वाद इथे थोडक्यात सांगतो, कारण तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे मतं बनतात. फोर्डने 2011 च्या एफ-150 मध्ये 3.5 लिटरचं दोन टर्बोंचं पेट्रोल इंजिन पाच लिटरच्या व्ही8 शेजारी ठेवलं आणि ते खूप विकलं गेलं. टोयोटाने 2022 च्या टुंड्रामधून 5.7 लिटरचा व्ही8 काढून दोन टर्बोंचा व्ही6 बसवला. 2024 साली कारखान्यातल्या यंत्रकामाचे धातूचे कण इंजिनात राहिल्यामुळे अशा सुमारे एक लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या. रॅमने व्ही8 बंद केला आणि ग्राहकांच्या मागणीमुळे 2026 च्या गाड्यांत परत आणला. हे ऐकून 'टर्बो हरला' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं की 2025 साली जनरल मोटर्सने 6.2 लिटरच्या बिनटर्बो व्ही8 च्या सुमारे सहा लाख गाड्या क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषापायी परत बोलावल्या. दोन्ही ठिकाणी दोष कारखान्यातल्या कामाचा होता, इंजिनाच्या आकाराचा नव्हता. शिवाय तिथली टर्बो इंजिनं पेट्रोलची, लिटरमागे शंभरहून जास्त अश्वशक्ती काढणारी. आपल्या डिझेल पिकअप त्याच्या निम्म्यावर काम करतात. तिकडची भीती इकडे तशीच्या तशी आणू नये.

आणि आपल्याकडे एक गमतीची उलटापालट झाली आहे. तिथे बिनटर्बो म्हणजे मोठं इंजिन. आपल्याकडे आता बिनटर्बो म्हणजे सर्वांत लहान. 2005 साली आलेल्या टाटा एसचं, आपल्या छोट्या हत्तीचं, इंजिन 702 सीसीचं दोन सिलिंडरचं होतं, सोळा अश्वशक्तीचं. मारुतीची सुपर कॅरी 1.2 लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर धावते, सीएनजीवरही. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या आसपास किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सकाळी दूध, ब्रेड, भाजी पोहोचवणाऱ्या गाड्या पाहा. त्यातल्या कितीतरी याच जातीच्या. शहरातल्या पाचशे-सातशे किलोच्या मालाला, दर शंभर मीटरवर थांबणाऱ्या कामाला, टर्बो आणि डीपीएफ हवेत कशाला? इथे साधं इंजिनच बरोबर. सीएनजीवर मात्र थोडी ताकद जाते, कारण गॅस हवेची जागा खातो: सुपर कॅरीचा पीळ पेट्रोलवर 104.4 न्यूटन-मीटर, सीएनजीवर 95. बामणोदहून भरताची वांगी घेऊन येणाऱ्याला हा फरक खुपणार नाही.

पैशाचा हिशेब करून पाहू. समजा दीड लिटरची गाडी लिटरला चौदा देते आणि अडीच लिटरची बारा. हा फरक माल, रस्ता आणि पाय यांवर बदलेल, पण अंदाजाला पुरे. महिन्याला तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पहिलीत 214 लिटर लागतील, दुसरीत 250. छत्तीस लिटरचा फरक. नव्वद रुपयांच्या भावाने महिन्याला सव्वातीन हजार, पाच वर्षांत दोन लाखांच्या घरात. हा आकडा लहान नाही, हायवेवर धावणाऱ्याने तो डोळ्यांसमोर ठेवावा. पण बागेतली गाडी महिन्याला तीन हजार धावतच नाही. हजार धावली तर पाच वर्षांची बचत पासष्ट हजारांच्या आसपास येते, आणि तेवढ्यात दोन क्लच, एक टर्बो आणि कटाईच्या ऐन दिवसांत गाडी उभी राहिल्याचा तोटा बसवायचा असतो. केळीचा घड एकदा उतरवला की तो थांबत नाही. सावद्याहून दिल्लीचा ट्रक वेळेवर भरला गेला नाही तर भाव कुठे गेला ते दुसऱ्या दिवशी कळतं.

एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे. या सगळ्या चर्चेवर ओव्हरलोड पाणी फिरवतो. दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच टन भरायचे, मागचे पाटे वाढवून घ्यायचे आणि मग लहान इंजिनाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. अडीच लिटरचं निवांत इंजिन असा मार खाऊनही काही वर्षं चालतं, म्हणून त्याचं नाव होतं. दीड लिटरचं इंजिन आपल्या मर्यादेच्या जवळ काम करत असतं. त्याला वर ढील कमी. भाडं देणारा व्यापारी टनावर भाडं ठरवतो, म्हणून चालक भरतो. ब्रेक मात्र पासिंगइतक्याच वजनाचे असतात, आणि लळिंगच्या उतारावर याची आठवण वारंवार होते. इंजिन निवडताना लोक चढाचा विचार करतात, उताराचा करत नाहीत.

तेव्हा माझं मत असं आहे: गाडीचं पहिलं काम शेतातून निघणं असेल, तर सौम्य टर्बो असलेलं मोठं डिझेल घ्यावं, दोन किलोमीटर कमी दिले तरी. पहिलं काम हायवे असेल, माल पासिंगमध्ये असेल आणि मालक तेल-फिल्टर वेळेवर बदलणारा असेल, तर दीड लिटरच्या गाडीला घाबरायचं कारण नाही. ती पैसे वाचवेल. शहरातच फिरायचं असेल तर टर्बोशिवायची लहान पेट्रोल किंवा सीएनजी. आणि घेण्याआधी शोरूमच्या रिकाम्या गाडीवर विश्वास ठेवू नये. माल भरलेली गाडी चढावर उभी करावी, हँडब्रेक सोडावा आणि रेस न वाढवता पहिल्या गिअरमध्ये सोडून पाहावी. विकणारा हे करू देत नसेल तर ओळखीच्या चालकाची तशी गाडी मागून आणावी.

मावसभावाने यंदा दुसरी गाडी घेतली. जुनी अडीच लिटरची त्याने विकली नाही. तिचा टर्बो बदलला, पाइप नवे घातले आणि ती रावेरला बागेच्या कामाला दिली. सुरतेच्या फेऱ्यांसाठी दीड लिटरची आणली. परवा भेटला तेव्हा नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती. पोराच्या अक्षरात लिहिलं होतं: 'थांबलास की एक मिनिट चालू ठेव.' खाली तेल बदलायची तारीख आणि किलोमीटर.